शनीचा रंग

"पांढरा आहे की गं हा," आत्या म्हणाली. डोळा अजून दुर्बिणीच्या आयपीसलाच होता, एका हाताने खुर्चीचा हात घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला. मी म्हटलं, "पांढरा नाही, पिवळट आहे. नीट बघ." ती परत बघत राहिली, चांगला वेळ घेऊन, आणि डोळा न काढताच म्हणाली, "तुला पिवळा दिसत असेल. मला पांढराच दिसतोय." तेवढ्यात दूध आटल्याची हाक आली, खालून पेले यायचे होते, विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. एकाच नळीतून, एकाच आयपीसमधून, मिनिटभराच्या अंतराने दोघींनी एकच ग्रह पाहिला आणि त्याच्या रंगावर आमचं एकमत झालं नाही. त्यातून ग्रह कुठला, तर शनी. त्याचा रंग आत्याला लहानपणापासून पाठ आहे. निळसर काळा. स्तोत्रात तसा, शिळेत तसा, शनिवारी वाहायच्या उडदात आणि तिळात तसा, बोटातल्या नीलमाच्या खड्यात तसा. हे सगळं जन्मभर मनात असताना तो तिला पांढरा दिसला आणि तिने पांढरा म्हणून सांगितला.

कोजागरी होती, २०२५ ची. पाऊस पुरता गेलेला नव्हता, साताऱ्याच्या आकाशात ढगांचे पुंजके येत होते आणि अर्धा तास अडवून निघून जात होते. टेलिस्कोप गच्चीवर आणला होता तो चंद्रासाठी, भाच्यांच्या हट्टापायी. पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघण्यात फारसा अर्थ नसतो. ऊन समोरून पडलेलं असतं, सावल्या नसतात, त्यामुळे खड्डे उठून दिसत नाहीत, नुसता डोळा दिपतो. मुलं पटकन कंटाळली. चंद्राच्या थोडं वर एक स्थिर, न लुकलुकणारा ठिपका होता. मी नळी तिकडे वळवली आणि म्हटलं, "या, शनी बघा." हे ऐकल्यावर आत्याने बसल्या जागेवरून खुर्ची हातभर बाजूला सरकवली. कुणाला काही न सांगता, अगदी सहज, चुलीजवळून लहान मूल बाजूला घ्यावं त्या सहजपणे.

मला ते लगेच कळलं, कारण आमच्या घरात ते सगळ्यांनाच माहीत आहे. शनीच्या समोर उभं राहायचं नाही. दर्शन घ्यायचं ते बाजूने, त्याच्या नजरेच्या रेषेतून हटून. बाळ गणपतीला बघायला सगळे देव आले, शनी मात्र मान खाली घालून उभा राहिला, पार्वतीने आग्रह केला म्हणून त्याने एकदाच वर पाहिलं आणि बाळाचं मस्तक गळून पडलं, ही गोष्ट आत्यानेच मला लहानपणी अंगणात बसून सांगितली होती. त्या गोष्टीत मला तेव्हाही शनीचंच वाईट वाटायचं. ज्याला कुणाकडे प्रेमाने बघायचीही सोय नाही, तो काय करणार? आत्याला असं काही वाटत नसावं. तिच्यासाठी तो हिशेबाचा देव आहे. त्याच्यावर रागवायचं नाही आणि त्याच्या वाटेत यायचं नाही.

भाचे एकेक करून बघून गेले. मग मी आत्याला विचारलं, बघतेस का? ती म्हणाली, "समोरासमोर बघायचं त्याच्याकडे?" मला एकदम सुचलं ते तिला सांगितलं. ही न्यूटनच्या पद्धतीची दुर्बीण आहे. हिच्यात नळीच्या मागे डोळा लावून बघत नाहीत. प्रकाश नळीत शिरतो, तळाच्या मोठ्या आरशावर पडतो, तिथून उलटा वर येतो, तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा आहे त्याच्यावर आपटून बाजूच्या भोकातून बाहेर पडतो. बघणाऱ्याने नळीच्या कडेला बसायचं. त्याचं तोंड ग्रहाकडे नसतंच. "तुझं तोंड त्या पाण्याच्या टाकीकडे राहील," मी म्हटलं. आत्या उठली, नळीवरून हात फिरवत तळापर्यंत गेली, परत वर आली, तोंडाशी वाकून तिरपा आरसा पाहिला. "म्हणजे आरशातला." "हो, दोन आरशांतला." "मग चालेल," ती म्हणाली आणि बसली.

न्यूटनने ही रचना १६६८ साली केली ती भिंगातून बघताना कडांना येणाऱ्या रंगीत झालरी टाळायला. साताऱ्याच्या एका गच्चीवर ती अशी उपयोगी पडली.

आत्याची रास कुंभ. पंचांगाप्रमाणे जानेवारी २०२० मध्ये शनी मकरेत गेला आणि तिची साडेसाती सुरू झाली. त्यानंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली, पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आतोबा गेले, आणि त्यांच्या मागोमाग गावाकडचं घर विकावं लागलं. हे सगळं एका ओळीत लिहिता येतं, पण ती त्या घरात पन्नासच्या वर वर्षं राहिली होती. माझा साडेसातीवर विश्वास नाही. कुंभ राशीची नसलेली किती माणसं त्या लाटेत गेली, हे मलाही दिसलं आहे आणि तिलाही. पण ती जेव्हा म्हणते की "चालायचंच, साडेसाती आहे," तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसते. दुःखाला सुरुवात आहे आणि शेवट आहे, तो कुठल्या तरी तारखेला लिहिलेला आहे, एवढा आधार तिला त्यातून मिळतो. तेवढा आधार मी तिला दुसऱ्या कशातून देऊ शकेन असं मला वाटत नाही. आणि तिचा हिशेब निदान आकाशाशी इमान राखून आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, बारा राशींत वाटली की एकेकीला अडीच येतात, आणि मागची, आपली, पुढची अशा तीन धरल्या की साडेसात. ज्यांनी हे पहिल्यांदा मोजलं त्यांनी किती रात्री जागवल्या असतील! त्या कोजागरीला तिच्या कॅलेंडरात शनी वक्री होता आणि माझ्या नोंदवहीतही तो ताऱ्यांच्या तुलनेत उलटा, पश्चिमेकडे सरकत होता. पृथ्वी आतल्या, छोट्या कक्षेतून त्याला मागे टाकून पुढे जाते तेव्हा तसं दिसतं. दोघींच्या कागदांवर तो एकाच दिशेने चालला होता.

लग्न झाल्यावर पहिल्या काही वर्षांत ती आतोबांबरोबर शनिशिंगणापूरला गेली होती. आतोबा आंघोळ करून ओल्या पंचाने चौथऱ्यावर गेले, तेल वाहून आले. ती खाली उभी होती. तिथली शिळा उघड्यावर आहे, डोक्यावर छप्पर नाही, तरी खालून गर्दीत तिला शिळेचं टोक तेवढं दिसलं, ते आतोबांच्या पाठीआडून. २०१६ च्या गुढीपाडव्याला तो चौथरा बायकांसाठी खुला झाला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, चल जाऊ. ती म्हणाली, "आता काय करायचंय." त्या वेळी मला तिचा थोडा राग आला होता, एवढ्या जणींनी भांडून मिळवलेल्या गोष्टीला ती अशी सहज बाजूला सारते म्हणून. आता वाटतं, तिच्या मनात त्या चौथऱ्याशी चढायचं वय जोडलेलं असेल, किंवा आतोबांची पाठ जोडलेली असेल. मी विचारलं नाही.

माझा टेलिस्कोप सहा इंची आहे. आरसा मी स्वतः घासला, पुण्याला आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळेत जाऊन. ज्यांनी आरसा घासलेला नाही त्यांना हे कसं सांगावं ते कळत नाही, पण प्रयत्न करते. काचेच्या दोन सारख्या जाड चकत्या असतात. एक खाली पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी टाकायचं आणि दुसरी वर ठेवून पुढेमागे सरकवत राहायचं. सरकवताना आपण त्या पिंपाभोवती हळूहळू फिरायचं आणि हातातली चकतीही थोडी थोडी फिरवायची. एवढंच. काही साचा नाही, काही यंत्र नाही. वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर, कारण दोन्ही पृष्ठभाग सगळीकडून, सगळ्या दिशांनी एकमेकांना टेकून राहतील असा आकार एकच आहे, तो म्हणजे गोलाचा तुकडा. भुकटी बारीक बारीक होत जाते, घासण्याचा आवाज खरखरीतून कुजबुजीवर येतो. शेवटी पिच नावाच्या काळ्या चिकट थरावर सीरियम ऑक्साइडने चमक आणायची. मग फूकोची चाचणी. अंधाऱ्या खोलीत एका चिरेतून दिवा आरशावर टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत ब्लेडची धार हळूच आणायची. आरशावर सावल्या उमटतात आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान उंचवटे डोळ्यांना दिसायला लागतात. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी एकदा काचेवर अंगठा टेकवून ठेवायला लावला. अंगठा काढून परत ब्लेडमागून पाहिलं तर तिथं टेकडी उभी होती. नुसत्या अंगाच्या उबेने काच फुगली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती टेकडी हळूहळू बसत गेली. मी त्याआधी काचेला निर्जीव समजत होते.

त्या दिवसांत पुण्यात हिंडताना एक गोष्ट मनात यायची. याच शहरात १८८८ साली कावसजी नेगमवालांनी सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी केली. तिच्यात २० इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळातली भारतातली सगळ्यांत मोठी. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथं तिचा उपयोग झाला हे चांगलंच झालं, पण पुण्याच्या शाळकरी पोरांनी तिच्यातून शनी पाहिला असता तर काय झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हौसेने आकाश बघणाऱ्यांना इथं पुन्हा एक ठिकाण मिळालं, ते वेधशाळा बंद झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

माझ्या दुर्बिणीचा खोका आमच्या ओळखीच्या सुताराने केला, प्लायवूडचा. खालची चकती नीट फिरावी म्हणून तिला सनमायका लावून टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकवलेली आहे. सनमायका कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून उरलेला, लाकडी रेघांचा. बोटाने ढकलली की नळी हलते, सोडली की थांबते. मोटर नाही. त्यामुळे १२० पटींच्या आयपीसमध्ये शनी आणला की तो दीड मिनिटात एका कडेने दुसऱ्या कडेला जाऊन नाहीसा होतो, कारण आपण फिरतोय. परत ढकलायचं, परत आणायचं. आत्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून म्हणाली, "गेला, गेला." मी नळी जराशी ढकलली, तो परत आला. थोड्या वेळाने तिला स्वतःलाच जमायला लागलं. मी ढकलू का विचारलं तर तिने मानेनेच नको म्हटलं.

पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण म्हणतात, एवढासाच? खरं तर त्या पटीत शनीचा गोळा उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राहून मोठाच दिसत असतो. हे कुणालाच पटत नाही, मलाही मोजल्यावरच पटलं. काळ्या वर्तुळात एकटा पडल्यामुळे तो लहान वाटतो, शेजारी तुलनेला झाड नाही, छप्पर नाही. आणि सगळ्यांच्या मनात अवकाशयानांनी काढलेली छायाचित्रं असतात. त्या छायाचित्रांनी आपलं पुष्कळ भलं केलं आहे, पण गच्चीवरच्या शनीचं त्यांनी नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. छायाचित्र एका नजरेत सगळं देऊन टाकतं. आयपीसमधला शनी मागितल्याशिवाय देत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या हवेतून ग्रहाची कड थरथरत असते. आरसाही हवेइतका गार व्हायला तास घेतो. अशात डोळा लावून बसायचं. बसलं की मध्येच एक क्षण येतो, हवा शांत होते आणि सगळं एकदम धारदार दिसतं. कडा, पट्टे, गोळ्यावर पडलेली कड्याची सावली. ते मनात उमटायच्या आत परत थरथर. त्या क्षणांची बेरीज करत करत शनी दिसतो. २०१७ च्या मे महिन्यात, कडी पुरती उघडलेली असताना, दोन कड्यांमधली कॅसिनीची काळी रेघ मला अशीच तुकड्यातुकड्यांनी दिसली होती. ती रेघ पॅरिसच्या वेधशाळेतल्या कॅसिनीला १६७५ साली दिसली. शहरातल्या दिव्यांनी याला काही फरक पडत नाही, ही ग्रहांची मोठीच मेहेरबानी. तेजोमेघ बघायला गाव सोडून जावं लागतं, शनी बसस्टँडच्या मागूनही दिसतो.

पण २०२५ मध्ये त्याची ती कडी कुठे होती? मार्चच्या २३ तारखेला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून आरपार गेली. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर रुंद पसरलेली ती बर्फाच्या तुकड्यांची चकती जाडीला काही ठिकाणी जेमतेम दहा मीटर आहे, त्यामुळे कडेवरून पाहिलं की ती जवळजवळ नाहीशी होते. कोजागरीपर्यंत ती एक-दीड अंशच कललेली होती. भाच्याच्या पुस्तकातलं चित्र आत्याने पाहिलेलं होतं. "कडं कुठाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना बारीक रेघ दिसते का बघ. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुईत ओवलेला मणी."

गॅलिलिओची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली. १६१० मध्ये त्याने शनीकडे दुर्बीण लावली तेव्हा त्याला तीन गोळे दिसले, एक मोठा आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे. दोन वर्षांनी पाहिलं तर छोटे गायब. कडी तेव्हाही अशीच कडेवर आलेली होती, पण कडी असतात हेच कुणाला माहीत नव्हतं. शनीने आपली पोरं गिळली की काय, असं त्याने चकित होऊन पत्रात लिहिलं. पुढे १६१६ मध्ये त्याला कान असलेला शनी दिसला आणि त्याने तसा काढला. त्याच्यानंतर चाळीसेक वर्षं युरोपातल्या चांगल्या चांगल्या लोकांनी शनी पाहिला आणि प्रत्येकाने वेगळाच काढला. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये आपल्या पुस्तकात त्या जुन्या आकृत्या एका पानावर मांडल्या. तो म्हणाला की ग्रहाभोवती त्याला कुठेही न टेकणारं एक पातळ, सपाट, तिरपं कडं आहे असं धरा, मग कमकुवत दुर्बिणींतून ही चित्रं अशी का दिसली ते कळतं. मला त्या पानाचं नेहमी कौतुक वाटतं. एका कड्याने त्याने ते कोडं सोडवलं. आणि त्याने हे ओळखलं ते नेमकं कडी कडेवर असण्याच्या वर्षांत, म्हणजे सगळ्यांत कमी दिसत असताना.

आत्याने हे ऐकून विचारलं, "मग तीन दिसले त्याला, ते खोटं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही. त्याच्या दुर्बिणीतून तसेच दिसत होते." त्यावर ती "हं" म्हणाली. आणि मग पांढऱ्या-पिवळ्याचं ते बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मला लख्ख आठवलं. आत्याचं उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, फक्त उजव्या डोळ्याचं. डावा व्हायचा आहे. आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला कळत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि जग एकदम पांढरं, निळसर होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिने विचारलं होतं, स्वयंपाकघराला रंग दिलास का? तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मी तिला विचारलं, रात्री कुठल्या डोळ्याने पाहिलंस? "उजव्या. डाव्याने काय दिसतंय मला." मग तिने चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. परत परत. तिच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलीचा गंभीरपणा होता. "या डोळ्याने भिंत जुनी झालीय," ती म्हणाली.

त्या रात्री आभाळ उघडं मिळालं. चंद्र उशिरा वर आला. आत्या स्वतःहून म्हणाली, चल. या वेळी तिने खुर्ची सरकवायला मला हात लावू दिला नाही. उजव्या डोळ्याने पाहिलं, मग डोकं जरा वळवून डाव्याने. डाव्याने धूसर दिसत होता, कड फुटत होती, रेघ तर नाहीच. पण रंग? "पिवळा. नाही, मातकट." परत उजवा. "पांढरा." मग मी पाहिलं, माझ्या पंचेचाळिशीतल्या डोळ्यांनी. गव्हाच्या ताज्या काडीचा पिवळा. तोही माझाच, कारण माझंही भिंग पिवळं पडायला लागलंच असणार. मुलाने मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढला तर त्यात जळालेला पांढरा ठिपका आला. मी वहीत तिघांच्या नोंदी केल्या, आत्याच्या दोन.

शनीच्या ढगांवर अमोनियाच्या बर्फाचं धुकं आहे, त्यामुळे तो पिवळसर असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. पण त्याच कॅसिनीच्या नावाचं यान २००४ मध्ये तिथं पोचलं तेव्हा त्याच्या उत्तर गोलार्धात हिवाळा होता, वर कड्यांची सावली होती, धुकं विरळ होतं, आणि तो अर्धा शनी निळा दिसत होता. खराखुरा निळा, आपल्या आकाशासारख्याच कारणाने. पुढे तिकडे ऊन चढत गेलं तसा तो सोनेरी झाला. १५ सप्टेंबर २०१७ ला यानाला शनीच्या वातावरणात मुद्दाम सोडून दिलं, तोवर त्याने शनीच्या एका वर्षाचा जवळजवळ अर्धा फेरा पाहून घेतला होता. आत्याला मी ते निळे फोटो दाखवले. स्तोत्र लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या निळ्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तिला सांगितलं, कारण अशा जुळण्यांतून भलतीच विधानं निघतात आणि मला ती आवडत नाहीत. ती म्हणाली, "असू दे. पण आहे ना निळा." यावर मला उत्तर देता आलं नाही. आहेच.

एक गोष्ट मात्र तिला फार आवडली, ती प्रकाशाची. त्या दिवसांत सूर्यावरून निघालेला उजेड शनीवर पोचायला जवळपास ऐंशी मिनिटं लागत होती आणि तिथून आपटून आपल्या गच्चीवर यायला एकाहत्तर-बहात्तर. म्हणजे अडीच तास. नऊच्या सुमाराला आयपीसमधून जो उजेड तिच्या डोळ्यात शिरला, तो सूर्यावरून निघाला तेव्हा आम्ही देवाजवळ दिवा लावत होतो. तिने बोटांवर हिशेब केला. "मी शुभं करोति म्हणत होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तिकडे जाऊन आला?" तिच्या आरशाच्या मुद्द्याला यात भर पडली असावी, कारण मग ती आपणहून म्हणाली की त्याची म्हणून नजर अशी काही येतच नाही की, येतं ते सूर्याचंच ऊन. मी गप्प राहिले. मला त्या वेळी आनंदही झाला आणि कसंतरीही वाटलं. तिच्या भीतीतलं काहीतरी मी काढून घेत असेन तर तिच्या आधारातलंही घेत नाही ना, असं वाटून गेलं.

तसं काही झालं नाही. पुढच्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे सकाळी तेलाची वाटी, उडीद आणि रुईची माळ घेऊन मारुतीच्या देवळात निघाली. मी बरोबर गेले. रस्त्यात तिने मला टायटनबद्दल विचारलं, शनीचा तो मोठा उपग्रह आपल्या दुर्बिणीतून दिसतो का. दिसतो, बारीक ताऱ्यासारखा, सोळा दिवसांत त्याची एक फेरी होते, असं मी सांगितलं. तोवर शनीचे २७४ उपग्रह मोजले गेले होते हेही सांगितलं. "बराच मोठा संसार आहे," ती म्हणाली. देवळात कोपऱ्यात शनीची छोटी शिळा आहे. तिथं ती बाजूलाच उभी राहिली, अगदी पूर्वीसारखी, आणि डोळे मिटून हात जोडले. ती आकाशातल्याला आणि या शिळेला एक मानते की दोन, हे मला कळलं नाही. तिला तो प्रश्नच पडत नसावा. मला पडतो आणि त्याचं उत्तर नसलं तरी मी तिच्या शेजारी उभी राहू शकते, हे मला त्या दिवशी जाणवलं. पूर्वी मी चपलांपाशी थांबायचे.

आता ती नाशिकला मुलाकडे आहे. फोनवर आठवड्यातून एकदा तरी विचारते, कुठवर आला? थंडीत तो पश्चिमेकडे झुकत गेला, संध्याकाळीच मावळायला लागला, तसं मी सांगत गेले. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबरला तो पुन्हा सूर्याच्या बरोबर समोर येईल, रात्रभर दिसेल. कडी तोवर सात-आठ अंश उघडलेली असेल, आणि २००९ नंतर दिसत नव्हती ती त्यांची दक्षिणेची बाजू आपल्याला दिसेल. २०३२ पर्यंत ती उघडतच जाणार आहे. आत्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याआधी होईल, म्हणजे तिचा मातकट शनी आता संपला. मी तिला म्हटलं, दोन्ही डोळ्यांनी पांढरा दिसेल. ती म्हणाली, "ते बघू. तू आधी त्या जिन्याला कठडा लावून घे, मागच्या वेळी माझा हात भिंतीवरून घसरत होता." वेल्डिंगवाला माप घेऊन गेला आहे. दीड इंची पाइप सांगितलाय, वळणावर दोन्ही बाजूंनी.